खाजणातल्या जिवाणूचा जीनोम जुळवताना: कुठलं साधन, कधी आणि का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी.

आमच्या महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांकडे आता स्वतःचा सिक्वेन्सिंग डेटा येऊ लागला आहे. डीएनए काढून बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, काही आठवड्यांनी डाऊनलोडची लिंक येते, मुलं हरखतात आणि तिथून पुढे गाडी अडते. फाइल उघडली की अक्षरांच्या कोट्यवधी ओळी. यंत्र डीएनए सलग वाचत नाही, तुकड्यातुकड्यांनी वाचतं, आणि असा एक वाचलेला तुकडा म्हणजे रीड. हे रीड जुळवून जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, कसा उभा करायचा, हे मराठीत नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी आमचा जिवाणू. खाजणातल्या कोळंबीच्या तळ्यातला व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. या जातीचा पहिला पूर्ण जीनोम जपानी संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केला. सुमारे ५२ लाख अक्षरं, दोन गोल गुणसूत्रांत विभागलेली: एक ३३ लाखांच्या आसपास, दुसरं १९ लाखांच्या आसपास. एकच गुणसूत्र असणारे जिवाणू शिकवायची सवय असलेल्यांना हे वेगळं वाटेल, पण व्हिब्रिओ कुळाची ही खूणच आहे. कोळंबीवाल्यांना या जातीची धास्ती असते ती एका प्लाझ्मिडमुळे, म्हणजे गुणसूत्रांबाहेरच्या डीएनएच्या छोट्या गोलामुळे. साधारण ७० हजार अक्षरांच्या त्या गोलावर पिर-ए आणि पिर-बी ही विषाची दोन जनुकं असतात आणि ती असलेला वाण तळ्यात शिरला तर कोळंबीची पिल्लं झपाट्याने मरतात. म्हणजे आमच्यापुढचा प्रश्न सरळ आहे: दोन मोठे गोल जुळतात का, आणि तिसरा छोटा गोल आहे का?

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. जुळणीच्या आधी डेटा स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि जुळणी झाल्यावर जुळणीसुद्धा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मधलं काम संगणक करतो. मुलं मात्र मधल्याच कामाच्या मागे लागतात.

आधीचं बघणं म्हणजे फास्टक्यूसी. इंग्लंडच्या बाब्राहम इन्स्टिट्यूटचं हे फुकट साधन प्रत्येक जागेवरच्या अक्षराची खात्री किती ते आलेखात दाखवतं. क्यू२० म्हणजे शंभरात एक चूक, क्यू३० म्हणजे हजारात एक. इल्युमिना यंत्राच्या १५० अक्षरी रीडमध्ये शेपटाकडे दर्जा घसरतो, ते साहजिक आहे. घाबरायचं ते मधेच खड्डा दिसला तर, किंवा अॅडाप्टरची (वाचनासाठी टोकांना जोडलेल्या कृत्रिम तुकड्यांची) रेघ वर चढत गेली तर. छाटणीला फास्टपी पुरतं. फास्टक्यूसीत लाल फुली दिसली की कचाकचा कापत सुटू नका. काही फुल्या जिवाणूच्या स्वभावामुळेही येतात.

मग जुळणी. छोट्या रीडसाठी आम्ही स्पेड्स वापरतो. २०१२ साली सेंट पीटर्सबर्गच्या गटाने ते आणलं, मूळ हेतू एकेका पेशीतून मिळालेल्या तुटपुंज्या डीएनएचा होता, पण आज शुद्ध कल्चरसाठीही तेच सर्रास चालतं. त्यात आयसोलेट नावाचा पर्याय आहे, तो चालू करा. स्पेड्स प्रत्येक रीडचे ठराविक लांबीचे तुकडे करतं, १५० अक्षरी रीडसाठी २१, ३३, ५५ आणि ७७, आणि कुठला तुकडा कुणाला चिकटतो याचं जाळं विणतं. लहान तुकडा कमी खोलीच्या (जिथे थोडेच रीड पडलेत अशा) जागाही सांधतो, मोठा तुकडा पुनरावृत्तीतून वाट काढतो.

तरीही जुळणी गोल होत नाही. दोन गुणसूत्रांऐवजी ढीगभर काँटिग (जुळलेले सलग तुकडे) हातात येतात आणि मुलांना वाटतं आपलं काहीतरी बिनसलं. बिनसलेलं काही नसतं. व्हिब्रिओमध्ये रायबोझोमल आरएनएचा जनुकसंच दहा-अकरा जागी जवळजवळ जसाच्या तसा असतो आणि तो पाच हजारांवर अक्षरं लांब असतो. दोन्ही बाजूंना सारखेच चिऱ्याचे गडगे असलेल्या दहा पाणंदी गावात आहेत आणि तुमच्या बॅटरीचा उजेड चार पावलांपलीकडे जात नाही, अशी १५० अक्षरांच्या रीडची अवस्था असते. कुठल्या पाणंदीत शिरलो ते ठाऊक असतं, पण बाहेर पडलो ती तीच का, हे सांगता येत नाही. प्रामाणिक प्रोग्रॅम अशा जागी थांबतो आणि तुकडा तिथेच तोडतो. तो थांबला ही चांगली गोष्ट.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर बँडेज उघडा. मेलबर्नच्या रायन विक यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेलं हे साधन जुळणीचं जाळं चित्रात दाखवतं. स्पेड्सच्या फोल्डरमधली जीएफए (जाळ्याची) फाइल त्यात टाकली की रंगीत दोऱ्यांचा गुंता दिसतो, आणि ज्या गाठीत सगळे दोरे येऊन मिळतात तो बहुतेक वेळा रायबोझोमचाच संच निघतो. बँडेजमध्येच ब्लास्ट चालवता येतो, त्यामुळे पिर-ए कुठल्या दोऱ्यावर आहे तेही तिथल्या तिथे शोधता येतं. मुलांना जीनोम कळतो तो या चित्रासमोर, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही काय वापरता, कुठे अडता, लिहा.

---

दर्यावर्दी

वाचनखूण साठवली. ताई, फार उपयोगी धागा.

आमच्याकडे मालवणात अडचण वेगळी आहे. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, त्यावर विंडोज, आणि जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा नेम नाही. स्पेड्स अर्ध्यावर असताना बंद पडलं की सगळं पहिल्यापासून. हे सगळं लिनक्सवरच चालतं का? की ज्यांच्याकडे मोठे संगणक आहेत त्यांचंच हे काम?

---

अलिबागचा गणक

@दर्यावर्दी, मी संगणकवाला, जीवशास्त्र बेताचंच. पण यावर निश्चित सांगू शकतो.

विंडोजवर डब्ल्यूएसएल टाकून आतल्या आत उबुंटू (लिनक्स) चालवा. त्यात कोंडा (साधनं बसवून देणारा प्रोग्रॅम) बसवा आणि बायोकोंडाच्या भांडारातून फास्टपी, स्पेड्स आणि जुळणी तपासणारं क्वास्ट एकेका आज्ञेत उतरवून घ्या. प्रत्येक साधनाला स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट करा. एकाच ठिकाणी सगळं कोंबलं की पायथनच्या आवृत्त्या एकमेकींवर चढतात आणि पुढचे दोन दिवस तेच निस्तरत बसावं लागतं. आणि हो, स्पेड्समध्ये अर्धवट राहिलेलं काम पुढे चालू करायचा पर्याय आहे. तेच आउटपुट फोल्डर देऊन कंटिन्यू म्हणायचं. पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही.

पण तुमच्या परिस्थितीत माझं पहिलं मत गॅलक्सीला. ब्राउझरमधून चालतं, खातं फुकट. युरोपचा सर्व्हर जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधून चालतो, अमेरिकेचा वेगळा आहे. फाइल एकदा वर चढली की काम त्यांच्या यंत्रावर होतं. तुमच्याकडे वीज गेली, लॅपटॉप मिटला, तरी तिकडे काम चालूच. शिवाय कुठलं साधन, कुठली आवृत्ती, कुठले पर्याय, हे सगळं हिस्टरीत आपोआप नोंदलं जातं. प्रबंध लिहिताना ही नोंद सोन्यासारखी.

अजून एक. जीनोमच्या पाचशे पट डेटा आला (म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी पाचशे वेळा वाचलं गेलं) म्हणून सगळा ओतू नका. ५२ लाखांच्या जीनोमला शंभर पट म्हणजे ५२ कोटी अक्षरं, म्हणजे १५० च्या साधारण सव्वासतरा लाख जोड्या (प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांनी वाचतात, म्हणून जोडी). त्यापुढे फायदा जवळजवळ नाही. उलट चुकीच्या तुकड्यांची गर्दी वाढते आणि रॅम संपते. सेकटीके या साधनाने तेवढ्या जोड्या यादृच्छिक निवडून घ्या. दोन्ही फाइलींना सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) एकच द्या, नाहीतर जोड्या फुटतील.

---

दर्यावर्दी

मनापासून आभार दादा. कंटिन्यूचा पर्याय ठाऊकच नव्हता. आजच गॅलक्सीवर खातं काढतो.

---

एमएस्सी_दुसरं_वर्ष

मॅडम, मी पण जिवाणूच करते आहे, माती वेगळी (कातळसड्यावरची). स्पेड्सच्या निकालात एक काँटिग बरोबर ५,४६३ अक्षरांचा आहे. बँडेजमध्ये तो एकटाच सुटा गोल दिसतो, बाकी कशालाही जोडलेला नाही. खोली बाकीच्यांपेक्षा बरीच वेगळी. मार्गदर्शक सर म्हणाले छोटं प्लाझ्मिड असेल, जनुकं बघ. जनुकं ओळखणारं प्रोक्का चालवलं तर फेजची (जिवाणूंवरच्या विषाणूची) जनुकं आली. हे नवीन काही असू शकतं का?

---

खाडीकाठ

@एमएस्सी_दुसरं_वर्ष, तू बँडेजमध्ये जाऊन तो गोल पाहिलास आणि खोलीही तपासलीस, याचं मला फार कौतुक वाटलं.

तो फायएक्स १७४ नावाचा फेज आहे. इल्युमिनाच्या यंत्रात नियंत्रण म्हणून त्याचा डीएनए मुद्दाम मिसळतात आणि थोडे रीड आपल्या फाइलीत उतरतात. त्याचा जीनोम ५,३८६ अक्षरांचा. स्पेड्स गोल काँटिगच्या दोन टोकांना शेवटच्या तुकड्याइतकी अक्षरं पुन्हा देतं. तुझा शेवटचा तुकडा ७७ चा असणार. ५,३८६ अधिक ७७, बरोबर ५,४६३. ज्यांचा शेवटचा तुकडा ५५ चा असतो त्यांना तोच पाहुणा ५,४४१ लांबीचा भेटतो.

तो काढून टाक, पण त्याआधी थोडं थांबून बघ. फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने १९७७ साली पूर्ण वाचलेला हा डीएनएचा पहिला जीनोम. ज्याच्यापासून हे सगळं शास्त्र सुरू झालं तो तुझ्या कातळावरच्या जिवाणूच्या शेजारी येऊन बसला आहे.

सार्वजनिक साठ्यांत फायएक्सचे तुकडे चिकटलेले जिवाणू-जीनोम कितीतरी सापडले आहेत. त्यामुळे जमा करण्याआधी क्रॅकेन२ ने भेसळ तपासायची आणि चेकएमने पूर्णता बघायची, हा नियमच ठेवा.

---

एमएस्सी_दुसरं_वर्ष

बेरीज अगदी तंतोतंत जुळली! ७७ च आहे. खूप खूप धन्यवाद मॅडम, सरांना दाखवते.

---

आकडेमोड

धागा चांगला आहे, पण चित्रांवर जरा जास्तच भर दिलाय असं वाटतं. शेवटी नियतकालिकं विचारतात एन५०. क्वास्ट चालवा, एन५० मोठा तो जुळणीकार निवडा, पुढे चला. प्रत्येक वेळी जाळं बघत बसायला वेळ कुणाला आहे?

---

खाडीकाठ

@आकडेमोड, यावर मी सहमत नाही, आणि का नाही ते सविस्तर लिहिते, कारण हा धाग्याचा गाभाच आहे.

एन५० म्हणजे काय? काँटिग मोठ्यापासून लहानाकडे मांडायचे, लांब्या मिळवत जायचं, एकूण लांबीच्या निम्म्यावर पोचलो की त्या क्षणी हातात असलेल्या काँटिगची लांबी. त्यात बरोबर-चूक कुठेच नाही. पहिल्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चुकून जोडला गेला तर एन५० वाढेल. म्हणजे धाडसाने चुकणाऱ्या प्रोग्रॅमला जास्त गुण आणि जपून थांबणाऱ्याला कमी. मुलाने उत्तरपत्रिका किती पानं लिहिली यावर मी मार्क देत नाही, मग इथे का द्यावेत?

क्वास्ट मला आवडतं, ते संदर्भ-जीनोमशी ताडून चुकीचे जोडही मोजतं. पण तिथेही एक खाच आहे. तुमच्या खाजणातल्या वाणात खरोखरच एखादा तुकडा उलटा बसलेला असेल, तर क्वास्ट त्यालाही चूकच म्हणणार. चूक प्रोग्रॅमची की फरक निसर्गाचा, हे ठरवायचं तर रीड परत जुळणीवर बसवावे लागतात. छोट्या रीडसाठी बीडब्ल्यूए, लांबसाठी मिनिमॅप२, मग सॅमटूल्सने क्रम लावून आयजीव्हीत उघडायचं. आयजीव्ही ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालं आणि आजही त्याला तोड नाही. जोड खरा असेल तर रीड तिथून सलग पार जातात. खोटा असेल तर त्या रेषेवर सगळे रीड एकाच ठिकाणी तुटलेले दिसतात, जोडीदार भलतीकडे पडलेले असतात. हे एकदा पाहिलं की विसरत नाही.

सगळा जीनोम असा बघा असं मी म्हणत नाही. ज्या जागेवर तुमचा निष्कर्ष उभा आहे ती जागा तरी बघाच. आमच्या बाबतीत ती पिर-ए आणि पिर-बी. उद्या आम्ही तळंवाल्याला सांगणार की तुझ्या पाण्यात विषारी वाण आहे किंवा नाही. त्याचा अख्खा हंगाम त्यावर अवलंबून. ते एका आकड्याच्या भरवशावर सांगणं मला मान्य नाही.

---

आकडेमोड

तळंवाल्याचा मुद्दा पटला. आणि एन५० चा आक्षेपही रास्त आहे. निदान निष्कर्षाची जागा आयजीव्हीत बघायची, हे आमच्या गटातही सुरू करू.

---

कलमाखाली

देवगडसून लिवतंय. माजी हापूसची कलमां आसत. ह्या सगळा वाचलंय, थोडा समाजला, थोडा नाय. माका एकच इचारूचा आसा. हापूसचो जीनोम कोणी काडलो आसा काय? आणि काडलो आसात तर साको कित्याक धरता ता कळला काय? फळ वरसून बरा दिसता, कापल्यार आत पांढरा आणि आंबूस. गिऱ्हायकाक काय सांगूचा?

---

दापोलीची वनस्पतीवेडी

@कलमाखाली काका, तुमचा प्रश्न आला म्हणून खास लॉगइन केलं. माझा विषयच फळझाडांचा.

होय, हापूसचा जीनोम झालेला आहे. २०२० साली जीनोम बायोलॉजी या नियतकालिकात चीनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाला, सुमारे ३९ कोटी अक्षरं, २० गुणसूत्रांवर मांडलेली. खाडीकाठताईंच्या जिवाणूच्या पंचाहत्तर पट.

आंब्याचं जुळवणं अवघड का, तर हापूस कलमाने वाढतो. बियांपासून शुद्ध करत आणलेला वाण नाही तो. आईकडची प्रत आणि बापाकडची प्रत यांत खूप फरक असतो आणि कलम तो फरक पिढ्यान्‌पिढ्या तसाच सांभाळून ठेवतं. जेलिफिश या साधनाने ठराविक लांबीचे तुकडे मोजून जीनोमस्कोपमध्ये टाका, जिवाणूला एक शिखर दिसेल, आंब्याला दोन. पहिलं, निम्म्या खोलीवरचं, म्हणजे फक्त एकाच प्रतीत असलेले तुकडे. हे शिखर जुळणीच्या आधी पाहिलं नाही तर प्रोग्रॅम दोन्ही प्रती वेगवेगळ्या समजून ओळीने मांडतो आणि जीनोम फुगतो. बुस्कोमध्ये ते लगेच पकडता येतं. वनस्पतींच्या संचातली १,६१४ जनुकं बहुतेक झाडांत एकेकदा असायला हवीत, आणि त्यातली बरीच दुहेरी दिसली तर पर्ज-डप्सने जादा प्रती काढाव्या लागतात. आता पॅकबायोचे लांब आणि अचूक हायफाय रीड आणि २०२१ मध्ये आलेला हायफायएएसएम हा जुळणीकार यांनी दोन्ही प्रती वेगळ्या वेगळ्याच उभ्या करता येतात. हाय-सीचा (पेशीत डीएनएचे कुठले भाग एकमेकांजवळ असतात ते सांगणारा) डेटा जोडीला असेल तर ज्यूसबॉक्समध्ये गुणसूत्रांचे चौकोन कर्णावर मांडलेले दिसतात आणि एखादा तुकडा चुकीच्या गुणसूत्रात बसला असेल तर माऊसने उचलून हलवता येतो.

आता साका. काका, एका झाडाचा जीनोम म्हणजे साक्याचं उत्तर नव्हे. त्यासाठी साका धरणारी आणि न धरणारी झाडं शेजारी शेजारी ठेवून ताडावी लागतात, आणि दरवर्षी कुठल्या झाडाच्या किती फळांत साका निघाला याच्या नोंदी लागतात. ती ताडणी करण्याजोगं एक झाड मात्र आपल्याच मातीत आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली रत्ना. तिच्यात साका येत नाही. अर्धा हापूस तिच्यात आहेच. आतली कोय झाडावरच रुजायच्या मार्गाला लागते आणि गरातलं अन्न ओढते, याच्याशी साक्याचा संबंध संशोधकांनी दाखवला आहे. त्यामुळे फळ फार पिकेपर्यंत झाडावर न ठेवणं, हे आजच्या आज करण्यासारखं.

---

कलमाखाली

बरां वाटला, ताई. रत्नाची चार कलमां माज्याकडे पण आसत. कुठल्या झाडाक किती साको ता लिवन ठेवन्याचा काम मी करीन. तुमका उपेग झालो तर सांगा.

---

दापोलीची वनस्पतीवेडी

काका, नक्की होईल. झाडाला क्रमांक, काढणीची तारीख, कापलेली फळं किती आणि त्यातली साका धरलेली किती, एवढं वहीत ठेवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

सड्यावरून

@खाडीकाठ, छोट्या रीडने गोल होत नाही हे समजलं. मग लांब रीडचं काय? नॅनोपोर करून घ्यावं का? सगळ्यांचीच जाहिरात चालू आहे.

---

खाडीकाठ

पैसे असतील आणि प्रश्न प्लाझ्मिडचा असेल तर घ्यावं. दहा-वीस हजार अक्षरांचा रीड पाच हजारांचा रायबोझोम-संच एका झेपेत ओलांडतो आणि गोल आपोआप मिटतो. जुळणीला फ्लाय वापरा, २०१९ साली प्रसिद्ध झालेलं. मग नॅनोपोरचेच रीड वापरून मेडाकाने सफाई, आणि हाताशी इल्युमिनाचे रीड असतील तर वर पॉलिपॉलिशचा एक हात. युनिसायक्लर उलट्या क्रमाने चालतं, आधी छोटे रीड, मग लांब. लांब रीड थोडेच असतील तेव्हा ते बरं.

सफाई का हवी, तर नॅनोपोरला एकसारख्या अक्षरांची रांग मोजायला जड जातं. सात ए ओळीने असले तर सहाच मोजले जातात, तिथून पुढे जनुकाची तीन-तीन अक्षरांची सगळी त्रिकं सरकतात आणि प्रोक्का एका जनुकाचे दोन तुकडे दाखवतं. नव्या फ्लोसेलमध्ये (वाचनाच्या चिपमध्ये) हे बरंच कमी झालंय, पण संपलेलं नाही. पिर-बी अर्धवट दिसलं म्हणून वाण निरुपद्रवी, असा निष्कर्ष त्यावर काढू नका.

डीएनए काढतानाच्या काळजीकडे दुर्लक्ष होतं. व्होर्टेक्स केलेला (यंत्रावर जोरात घुसळलेला), बारीक टिपमधून पुन्हा पुन्हा ओढलेला डीएनए आधीच तुटलेला असतो. त्यातून लांब रीड कुठून येणार? रुंद तोंडाची टिप घ्या, नळी हलक्या हाताने उलटीपालटी करा.

---

अलिबागचा गणक

एक भर. जुळणी झाली की कच्चे रीड सार्वजनिक साठ्यात जमा करा. एनसीबीआय आहे, युरोपचा ईएनए आहे, आणि फरीदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र २०२२ पासून सुरू आहे. आज स्पेड्स वापरलं, पाच वर्षांनी याहून चांगलं काही येईल. कच्चे रीड असतील तरच कुणीतरी पुन्हा जुळवू शकेल.

---

खाडीकाठ

अगदी. आणि जमा करताना नमुन्याची माहितीही पूर्ण भरा. मी मुलांना नमुना घेतानाच नळीवर तळ्याचा क्रमांक आणि तारीख, आणि वहीत अक्षांश-रेखांश, पाण्याची क्षारता, तापमान, भरती की ओहोटी आणि तळ्यात मर सुरू आहे का, हे लिहायला लावते. हे नसेल तर रत्नागिरीचा व्हिब्रिओ आणि वेंगुर्ल्याचा व्हिब्रिओ ताडून काही उपयोग नाही.

@दर्यावर्दी, गॅलक्सीवर खातं झालं की फास्टक्यूसीचे आलेख इथे टाका. छाटणी किती करायची ते मिळून ठरवू.

---

दर्यावर्दी

खातं झालं, फाइल चढतेय. पहिली जोडी उद्या सकाळपर्यंत वर जाईल असं दिसतंय. आलेख टाकतो.